उसाची पावती मिळते. रक्ताची का नाही?

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मुळशी तालुक्यातील कासारसाई येथे भरले होते. कुटुंबाच्या जमाखर्चात आजारपणाचा वाटा किती, याची अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन पाहणी करावयाची, असा साधा बेत होता. उसाचा हंगाम ऐन भरात होता. कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे उसाने लादलेल्या गाड्यांची रीघ लागली होती आणि त्याच परिसरातून हिंजवडीच्या संगणक कंपन्यांकडे जाणाऱ्या मोटारी वाट काढीत होत्या.

एका घरी आमच्या प्रश्नावलीचा एक रकाना अडला. भिंतीवरच्या खिळ्याला एक तार होती व तिच्यात कारखान्याच्या वजनकाट्यावरील पावत्या ओवून ठेवल्या होत्या. त्याच खिळ्याला एक पिशवी लटकत होती. तिच्यात त्या घरच्या सहा वर्षांच्या मुलाचे दवाखान्याचे कागद होते. मूल आईच्या मांडीला टेकून बसले होते. त्याला बोलता येत नव्हते, आधाराशिवाय चालता येत नव्हते आणि अधूनमधून झटके येत. ‘आजाराचे कारण’ या रकान्यात काय लिहू, असे माझ्या विद्यार्थिनीने विचारताच आजी म्हणाल्या, ‘‘लिही, आईच्या माहेराकडनं आलंय. आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाई.’’ मुलाची आई खाली मान घालून गप्प राहिली. त्याच घरातला मुलाचा चुलता पस्तिशीच्या आतला, अंगाने काटकुळा. त्याला मधुमेह. आधी गोळ्या झाल्या, त्या लागू पडेनात म्हणून इन्सुलिन आले. आपला मधुमेह नेमका कोणत्या प्रकारचा, हे त्याला कोणी निश्चित सांगितले नव्हते. ‘‘अंगावर मास नाही, गोड खात नाही, मग साखर आली कुठनं, सर?’’ असे त्याने मला विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा मुलाची आई दारापर्यंत आली. दोन वर्षांपूर्वी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात मुलाचे रक्त घेतले होते, ते संशोधनासाठी पुढे पाठवितो व निष्कर्ष कळवितो असे सांगितले होते, त्यानंतर कोणी काही कळविले नाही, असे ती म्हणाली. आणि मग हळूच, ‘‘त्या रक्ताचं पुढं काय झालं असंल, सर?’’

विद्यार्थिनीने तो रकाना रिकामाच ठेवला. तो रिकामा रकाना आणि त्या माउलीचा प्रश्न हाच या लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखक जीवशास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु आनुवंशिकीचे आजचे संशोधन पाहू गेल्यास त्याचा मोठा भाग नोंदी, तुलना आणि हिशेब यांचाच आहे असे दिसते. आणि हिशेब कोणाचा, कोणासाठी व कोणाच्या खर्चाने, हे विचारण्याचा अधिकार अर्थशास्त्राला निश्चितच आहे.

अक्षरांचा डोंगर

माणसाच्या पेशीतील आनुवंशिक मजकूर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. या संपूर्ण मजकुराला जीनोम म्हणतात. आईकडून येणारी एक प्रत आणि वडिलांकडून येणारी एक प्रत. प्रत्येकीत सुमारे ३ अब्ज अक्षरे. वृत्तपत्राच्या एका पानात १५ हजार अक्षरे मावतात आणि अंक १२ पानांचा असतो असे धरले, तर एवढा मजकूर छापावयास दररोज एक याप्रमाणे ४५ वर्षांहून अधिक काळाचे अंक लागतील. त्यांत प्रत्यक्ष प्रथिने घडविण्याची आज्ञा देणारा भाग शेकडा एक-दोन एवढाच असून अशा जनुकांची संख्या सुमारे २० हजार आहे. एखाद्या मुलाची वाढ खुंटावी, वाचा येऊ नये, यास कधी कधी या डोंगरातील एक अक्षर चुकणे पुरेसे होते.

ते एक अक्षर शोधणे कठीण का, हे मुद्रितशोधकाला सहज कळेल. प्रमाण प्रतीशी ताडून पाहिल्यास कोणाही धडधाकट माणसाच्या मजकुरात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक आढळतो. हे फरक म्हणजे चुका नव्हेत. ती माणसामाणसांतील स्वाभाविक विविधता होय. या लाखो निरुपद्रवी पाठभेदांतून एक उपद्रवी चूक वेगळी काढावयाची, हे डोळ्यांचे काम नव्हे, संगणकाचेच आहे. संगणक दोन गोष्टी करतो. मुलाचा मजकूर तो आईबापांच्या मजकुराशी ताडून पाहतो आणि दोघांतही नसलेले बदल बाजूला काढतो. दुसरे असे की, समाजातील हजारो निरोगी माणसांच्या नोंदी त्याच्यापाशी असतात. जो फरक त्यांच्यातही सर्रास आढळतो, तो अशा गंभीर विकाराचे कारण असण्याचा संभव फारच थोडा, म्हणून तो वगळला जातो. असे गाळत गाळत लाखांतून हजार, हजारांतून दहा-पाच उरतात आणि तेथून पुढे तज्ज्ञाची बुद्धी चालू होते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. गाळणीची जाळी निरोगी माणसांच्या नोंदींची असते. त्या नोंदी ज्या समाजाच्या, त्या समाजाच्या मुलांनाच गाळणी उत्तम लागू पडते.

मानवी जीनोम वाचण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यास सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च आला. आज एका माणसाचा जीनोम वाचण्याचा खर्च हजार डॉलरच्या आत आला आहे. किमतीची एवढी घसरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल. परंतु स्वस्त झाले ते वाचन. अर्थ लावणे स्वस्त झालेले नाही. त्यास प्रशिक्षित माणूस लागतो, वेळ लागतो आणि मुख्य म्हणजे तुलनेसाठी आपल्या माणसांच्या नोंदी लागतात.

दोष माहेरचा की सासरचा?

ब्रिटन व आयर्लंड येथील २४ आनुवंशिकी केंद्रांनी मिळून बालकांच्या वाढीच्या विकारांचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत त्याचे संगणकीय काम झाले. ज्यांच्या आजाराचे कारण नेहमीच्या तपासण्यांनी सापडले नव्हते, अशा १३ हजारांहून अधिक मुलांचा त्यात समावेश होता. २०२३ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सुमारे ४१ टक्के मुलांच्या आजाराचे जनुकीय कारण सापडले. आणि ज्यांचे सापडले, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या बाबतीत दोषी बदल आईतही नव्हता आणि वडिलांतही नव्हता. तो त्या मुलातच नव्याने उद्भवला होता.

हे वाक्य कासारसाईच्या त्या घरात मोठ्याने वाचून दाखवावे असे मला वाटते. प्रत्येक मूल जन्मताना आईबापांत नसलेले सुमारे ६० ते ७० नवे बदल घेऊन येते. आपण सारेच तसे आलो आहोत. लिहिणारा कितीही सावध असला तरी ३ अब्ज अक्षरांची नक्कल करताना काही अक्षरे इकडची तिकडे होणारच. बहुतेकांचे काही बिघडत नाही. एखाद्या अभागी मुलाच्या बाबतीत ते अक्षर नेमके महत्त्वाच्या जागी पडते. त्यात माहेरचा दोष नाही आणि सासरचाही नाही. गर्भारपणी पाहिलेले ग्रहण, खाल्लेली वस्तू, न केलेला नवस यांचा तर संबंधच नाही. आणि घराण्याचीच झडती घ्यावयाची म्हटले, तर आइसलंडमधील २०१२ च्या एका संशोधनाने असे दाखविले आहे की, हे नवे बदल मुख्यतः पित्याकडून येतात आणि पित्याचे वय एका वर्षाने वाढले की त्यांत सुमारे दोनांची भर पडते. पित्याला आरोपी करण्यासाठी हे सांगितलेले नाही. पिढ्यान् पिढ्या केवळ आईला पिंजऱ्यात उभे करणाऱ्या समाजाने, पुरावा कोणत्या बाजूस जातो हे निदान एकदा पाहावे, एवढाच हेतू.

अर्थात प्रत्येक मुलाच्या बाबतीत असेच असेल असे नाही. काही विकारांत आई व वडील दोघेही तीच सदोष प्रत नकळत बाळगून असतात. दोघे धडधाकट असतात आणि तरीही प्रत्येक गर्भारपणी चारांत एक या प्रमाणात मूल बाधित होण्याचा संभव असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत चालत आली आहे. अशा नात्यात हा संभव वाढतो. काही मुलांचे दुखणे मुळात जनुकीय नसतेच. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूपर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग, वेळीच उपचार न झालेली कावीळ हीही कारणे आपल्या ग्रामीण भागात आहेतच. म्हणूनच निदान हवे. बदल नवा असेल, तर पुढचे मूल बाधित होण्याचा संभव अगदी अल्प. दोघांकडून आलेला असेल, तर पंचवीस टक्के. ज्या घरात दुसऱ्या मुलाचा विचारही भीतीने थांबला आहे, त्या घराला या दोन आकड्यांमधील अंतर केवढे मोलाचे आहे, हे सांगावयास नको. उपचार नसला तरी उत्तरालाही किंमत असते.

या संशोधनाचा आणखी एक धडा आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधील साठवलेल्याच जीनोम-नोंदी नव्याने तपासताना संशोधकांना असे आढळले की, प्रथिन न घडविणाऱ्या एका अगदी लहानशा जनुकातील बदल अनेक मुलांच्या मतिमंदत्वाचे व खुंटलेल्या वाढीचे कारण आहे. तोवर त्या जागेकडे फारसे कोणाचे लक्षच नव्हते. त्या शोधानंतर अनेक देशांतील शेकडो कुटुंबांना वर्षानुवर्षांच्या प्रश्नाचे उत्तर एकाएकी मिळाले. त्यांच्यासाठी नवे रक्त काढावे लागले नाही; जुन्या नोंदी नीट जपलेल्या होत्या, एवढेच. नीट जपलेली नोंद हे असे भांडवल आहे की, ते वापराने झिजत नाही, उलट वाढते. हरवलेली नोंद मात्र कायमची बुडीत.

पुण्याच्या खेड्यांनी शिकविलेले

आता चुलत्याच्या प्रश्नाकडे वळू. मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब हे एका अक्षराच्या चुकीचे आजार नव्हेत. त्यांत शेकडो जनुकीय फरकांचा प्रत्येकी चिमूटभर वाटा असतो आणि त्यांच्या जोडीला अन्न, श्रम, वय व गर्भावस्थेतील पोषण येते. या विषयात महत्त्वाची भर पुणे जिल्ह्यातील खेड्यांनी घातली आहे, ही गोष्ट पुणेकरांनाही फारशी ठाऊक नसते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलो वजनाची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळे सुमारे ३.५ किलोची. एवढ्यावरून आपली बाळे लहान व हडकुळी असे म्हणून विषय संपला असता. परंतु कातडीखालील चरबी मोजली तेव्हा असे दिसले की, आपल्या बाळांत स्नायू व इतर अवयव कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘बारीक तरीही मेदयुक्त’ भारतीय बाळाची कल्पना जगापुढे आली. काटकुळ्या माणसाला साखर कुठून आली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे आहे. पुढे याच मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणत्याही जनुकात बदल न होताही आईच्या ताटातील उणीव मुलाच्या रक्तात उतरू शकते.

जनुकांचा हिशेबही पुण्यात झाला. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांचे उपचार भिन्न. परंतु तरुण व सडपातळ भारतीय रुग्णांत दोहोंची गल्लत होते. युरोपीय लोकांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी अशी एक गुणपद्धती बसविली होती की, व्यक्तीतील अनेक जनुकीय फरकांना गुण देऊन बेरीज करावयाची व बेरजेवरून पहिल्या प्रकाराचा संभव ठरवावयाचा. पुण्याचे के. ई. एम., हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि इंग्लंडमधील एक्सटर विद्यापीठ यांनी ही पद्धती पुण्याच्या रुग्णांवर पडताळून पाहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मासलेवाईक आहे. पद्धती येथेही उपयोगी पडली. परंतु युरोपीयांत जितकी अचूक, तितकी येथे नव्हे. परक्या मापाचा अंगरखा अंगात गेला खरा, पण खांद्यावर आवळ. चुलत्याच्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर त्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवावयाचे, तर माप आपले घ्यावयास हवे.

खातेवहीत आपली नोंद कोठे?

जगात आजवर झालेल्या जनुकीय अभ्यासांतील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची आहेत. लोकसंख्येत जगाचा सहावा हिस्सा असलेला भारत या खातेवहीत नगण्य आहे. याचा परिणाम केवळ प्रतिष्ठेचा नाही. आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी फरक परक्या वहीत नसला, म्हणजे संगणक त्यावर संशयाचे बोट ठेवतो. आणि आपल्याकडेच आढळणारा घातक फरक परक्या वहीत नोंदलेलाच नसतो. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण २००९ मध्ये पुढे आले. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरे गळाल्याने हृदयविकाराचा धोका वाढतो आणि हा दोष सुमारे ४ टक्के भारतीयांत आहे, असे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. युरोपात तो जवळजवळ नाहीच. तेथील वही कितीही चाळली तरी तो सापडला नसता.

मुंबईने हा धडा फार पूर्वी दिला आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधून काढला की, त्या माणसांना ‘ओ’ गटाचे रक्तदेखील चालत नाही. जग त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणूनच ओळखते. युरोपात तो अत्यंत विरळ, आपल्याकडे त्या मानाने अधिक. आपल्या माणसांकडे पाहिले म्हणून तो सापडला.

भारतात तर एक वही पुरणारीही नाही. आपल्याकडे विवाह जातीच्या, पोटजातीच्या आत होत आले. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात राहून या विवाहवर्तुळांचा जो अभ्यास केला, त्याचे महत्त्व आज आनुवंशिकीला पटू लागले आहे. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांच्या अभ्यासात असे आढळले की, त्यांतील ८१ गटांवर थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फिन लोकांपेक्षा व युरोपातील अश्कनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. अशा बंदिस्त वर्तुळात एखादा विरळ दोष साचून राहतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात काही व्यक्तींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक औषध सोसत नाही, हे असेच एक ज्ञात उदाहरण. ते ठाऊक असलेला भूलतज्ज्ञ प्राण वाचवू शकतो. मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे. दोष जनुकाचा असतो, जातीचा नव्हे. उद्या कोणी या माहितीवरून ‘अमुक जात रोगट’ असे बोलू लागला, तर आनुवंशिकीच्या नावावर जुनीच विटाळाची भाषा नव्याने बोलली जाईल. विज्ञानाचा अर्थ याच्या अगदी उलट आहे: वर्तुळे जितकी मोकळी होतील, तितके हे साचलेले दोष विरळ होतील.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प सुरू केला. पुण्याच्या आयसरसह २० संस्था त्यात होत्या. ८३ समाजगटांतील सुमारे १० हजार व्यक्तींचे जीनोम वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत संशोधकांना खुली करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु देशात साडेचार हजारांहून अधिक समाजगट आहेत. ८३ ही सुरुवात झाली, शेवट नव्हे.

यंत्राचे सामर्थ्य म्हणावे, तर पुण्यात त्याची वाण नाही. १९८८ मध्ये सी-डॅक येथे स्थापन झाली, १९९१ मध्ये तिने ‘परम’ महासंगणक उभा केला. आज पाषाणच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. हिंजवडीत तर जगाचा हिशेब लिहिणारे हजारो संगणक अभियंते रोज कामावर येतात. कासारसाईपासून हे सारे तासाभराच्या अंतरावर. तरीही त्या घरातला रकाना रिकामा राहिला. अंतर मैलांचे नव्हते.

आधी भाकर, मग जीनोम?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो माझ्याच विद्यार्थ्यांनी घेतला. ज्या तालुक्यात बायकांच्या अंगात रक्त नाही, तेथे जीनोम वाचण्याची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे; किंबहुना पुण्याच्या संशोधनाने त्याला बळच दिले आहे. आईच्या पोषणावर केलेला खर्च हा मधुमेहावरील सर्वांत स्वस्त उपाय ठरू शकतो. ‘आमच्या जनुकांतच आहे’ असे म्हणून सरकारने पोषणाच्या जबाबदारीतून अंग काढून घेतले, तर तो या विज्ञानाचा निव्वळ दुरुपयोग होईल.

परंतु भाकर आणि निदान यांत निवड करा, असे म्हणणे हा खोटा पेच आहे. त्या घराचा गेल्या काही वर्षांतील खर्च आम्ही मांडून पाहिला. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, तेथून देवऋष्याकडे, परत तपासण्या, प्रत्येक खेपेस बुडालेली मजुरी. कारण न कळल्याची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही; ती फक्त गरिबाच्या खात्यावर पडते. खासगी प्रयोगशाळेतील चाचणी अशा घराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी महाग. बाजाराच्या हाती हा विषय सोडला, तर ज्याला परवडते त्याची नोंद होईल आणि खातेवही पुन्हा एकांगीच राहील. तुलनेच्या नोंदी ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. अशी वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही, हे आम्ही पदवीच्या वर्गात शिकवितो.

यंत्रणेचा सांगाडा आज आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते. वाढीतील विलंब हा तिचा एक ठरलेला विषय असून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. त्याखाली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारखी केंद्रे नेमली गेली आणि उपचारास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची सोय झाली. परंतु साहाय्य आजाराच्या नावाने मिळते. ज्या मुलाच्या आजाराला नावच मिळालेले नाही, ते या दारापर्यंत पोचणार कसे? तपासणीचे गाव आणि निदानाचे शहर यांच्यामधला दुवा तुटलेला आहे. तो दुवा म्हणजे अहवाल वाचून त्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगणारा आनुवंशिकी सल्लागार. प्रत्येक जिल्ह्यास असा निदान एक माणूस हवा. महासंगणकाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

कच्चा माल की सभासदत्व?

शेवटी त्या माउलीचा प्रश्न. रक्ताचे पुढे काय झाले?

पारतंत्र्याच्या काळात आपला कापूस मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन परत येई. मोल तिकडे राही. न्यायमूर्ती रानडे यांच्यापासून आपल्या अर्थशास्त्राने या व्यवहारावर बोट ठेवले. रक्ताचा नमुना गावातून जावा, त्यावर शोधनिबंध व्हावेत, औषधे व्हावीत आणि गावाला साधे उत्तरही मिळू नये, हा व्यवहार त्याहून निराळा नाही. मग रक्त नेणारा परदेशी असो वा स्वदेशी. महाराष्ट्राने कच्च्या मालाच्या प्रश्नावर एकदा स्वतःचे उत्तर शोधले होते. १९५० मध्ये प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस पुरविणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. सहकाराचे पुढे काय झाले, याची उणीदुणी येथे काढावयाची नाहीत. वजनकाट्यावर पावती मिळण्याचा अधिकार मात्र सर्वमान्य झाला, आणि तो आजही त्या घरच्या भिंतीवर तारेत ओवलेला आहे.

रक्त देणाऱ्यालाही अशीच पावती हवी. नमुना कोठे गेला, कोणी वापरला, किती दिवसांत उत्तर मिळेल, नवे ज्ञान आल्यावर जुनी नोंद पुन्हा तपासली जाईल काय, हे तिच्यावर मराठीत लिहिलेले असावे. ‘नको’ म्हणण्याचा आणि दिलेली नोंद परत मागण्याचा अधिकार त्याच पावतीवर असावा. आणि तिच्यामागे कायद्याचे बळ असावे. जनुकीय माहितीवरून नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारण्यास अमेरिकेने २००८ मध्ये कायद्याने बंदी केली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, जनुकीय विकाराच्या सबबीखाली विमा सरसकट नाकारणे हा भेदभाव होय, असा निर्णय दिला. तथापि स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. उद्या मुलाच्या अहवालावरून त्याच्या बहिणीचे लग्न अडणार असेल किंवा बापाचा विमा नाकारला जाणार असेल, तर शहाणा माणूस रक्त देणारच नाही. आणि खातेवहीत आपली नोंद होणारच नाही.

शिबिराच्या अखेरच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलाचे कागद तारखेवार लावून दिले आणि कोणत्या शासकीय केंद्राकडे जावयाचे, ते एका चिठ्ठीवर लिहिले. विद्यार्थिनीने आजींजवळ बसून, अशी चूक बहुतेक वेळा कोणाच्याच घराण्यातून आलेली नसते, हे तिच्या परीने समजावून सांगितले. आजी पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सुनेकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘चहा टाक सगळ्यांना. तू बी घे.’’

प्रश्नावलीतील तो रकाना अजून रिकामाच आहे. तो भरण्याचे सामर्थ्य कासारसाईपासून हाकेच्या अंतरावर आहे. हाक मात्र अजून पोचलेली नाही.